ऊब आणि रचना : गोधडीच्या वाचनाविषयी

मराठी समीक्षेत शिवणकामातला एक शब्द वारंवार येतो, तो म्हणजे ‘ठिगळ’. कादंबरीतले एखादे प्रकरण मूळ कथानकाशी एकजीव झाले नसेल, तर ते ठिगळासारखे वाटते असे आपण लिहितो. नाटकात गाणे उगीच आले की तेही ठिगळ ठरते. बोलण्यातसुद्धा, आभाळच फाटले तर ठिगळ कुठे कुठे लावणार, असे हताशपणे म्हटले जाते. ह्याच ठिगळांची झालेली गोधडी मात्र कवितेत, ललित निबंधात किंवा सत्काराच्या भाषणात आली, की लगेच आईची माया, आजीच्या लुगड्याचा वास आणि थंडीतली ऊब ह्यांचा वर्षाव सुरू होतो. सुटे ठिगळ हा दोष आणि अनेक ठिगळे मिळून माया, अशी ही गमतीची वाटणी आहे. दोन्ही प्रसंगी एक काम राहून जाते. प्रत्यक्ष गोधडीकडे कोणी पाहत नाही.

प्रस्तुत लेखाचे म्हणणे थोडक्यात असे, की गोधडी ही आधी एक रचना आहे आणि ऊब हा त्या रचनेचा परिणाम आहे. रचना म्हटली की निवड आली, क्रम आला, चांगले-वाईट हा भेद आला. तो भेद करण्याचे निकष शिवणाऱ्या स्त्रियांपाशी पिढ्यान्‌पिढ्या होते. साहित्याने ते कोठे ओळखले, कोठे नुसते गोंजारले, आणि मराठी मुलखाबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्यांना त्यातून काय घेता येईल, एवढाच विचार येथे करावयाचा आहे.

शिवणारीचे निकष

आमच्या सीमाभागात हिला वाकळ म्हणतात, इतरत्र गोधडी, आणि शेजारची कानडी माणसे कौदी म्हणतात. नावे निराळी असली तरी कृती बरीचशी सारखी आहे. खाली एक जुने पण धड लुगडे पसरायचे. त्यावर जीर्ण धोतरे, पंचे, विरलेल्या चादरी ह्यांचे थर द्यायचे. वर पुन्हा लुगडे किंवा तुकड्यांची जोडणी घालायची. कडेला भांडी नाहीतर दगड ठेवून सारे ताणून घ्यायचे, लांब कच्च्या टाक्यांनी थर बांधायचे, आणि मग कडेपासून धावदोरा घालत चौकोनी फेऱ्यांनी मध्याकडे यायचे.

ह्या साध्या वाटणाऱ्या कृतीत निर्णय किती आहेत पाहा. पहिला निर्णय कापडाच्या वयाचा. विरलेल्या कापडाशेजारी नवे, दमदार कापड लावले तर धुण्यात नवे कापड जुन्याला ओढते आणि शिवणीच्या कडेने जुने फाटते. म्हणून शेजारी बसवायचे तुकडे रंगाने कसेही असोत, वयाने जवळचे असावे लागतात. दुसरा निर्णय धाग्याच्या दिशेचा. उभ्या-आडव्या धाग्यात कापलेला तुकडा स्थिर राहतो, तिरपा कापलेला ताणला जातो. चोळीचा खण बेतल्यावर जे त्रिकोण उरतात, त्यांची एक बाजू तिरपीच असते; ती बाजू कोठे ठेवायची हे कळले नाही तर गोधडीला झोळ येतो. तिसरा निर्णय रंगाचा. इरकली लुगड्याचा लाल पदर किंवा गुळेदगुड्डच्या खणाचा काठ ही जरा जोरकस कापडे. ती मध्यात यावीत की कडेला, सलग यावीत की विखुरलेली, हे ठरवणारी बाई चित्रकाराइतकाच विचार करीत असते. चौथा निकष टाक्याच्या अंतराचा, आणि पाचवा उलट्या बाजूचा. वरचे रंग डोळ्यांना फसवू शकतात. उलट बाजूला फक्त टाका असतो. म्हणून जाणती बाई दुसरीची गोधडी हाती आली की आधी ती उलटून पाहते.

कडेपासून मध्याकडे येण्याच्या रीतीविषयीही बोलले पाहिजे. पाश्चात्य क्विल्टच्या रीतीत शिवण बहुधा मध्यापासून बाहेर न्यायला सांगतात, म्हणजे कापडातली सैल बाहेर ढकलली जाते आणि पृष्ठभाग सपाट राहतो. आपली वाकळ उलट दिशेने जाते. प्रत्येक फेरीत थोडी सैल आत सरकते आणि मध्यावर लहान लहान लाटा उमटतात. कच्च्या हाताच्या कामात त्या लाटांची एकदम मोठी चुणी होते. मुरलेला हात ती सैल फेरीफेरीला वाटून देतो. परकी फूटपट्टी लावली तर हा दोष दिसेल. आतल्या नियमाने पाहिले तर कसब नेमके तेथेच आहे.

ऊब हे गोधडीचे सर्वस्व नाही ह्याचा उत्तम पुरावा आमच्या शेजारीच आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागात सिद्दी समाज राहतो. पोर्तुगीज काळात गोव्यात गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांचे हे वंशज. त्यांच्या बायका शिवतात ती कवंदी. तिच्यात आधी आखलेला नमुना नसतो. जुन्या लुगड्याच्या पायावर एका कोपऱ्यापासून सुरुवात करून, तुकडा ठेवायचा, कड दुमडायची, टाका घालायचा, पुढचा तुकडा घ्यायचा, असे करीत मध्यावर येतात. कोपऱ्यांवर कापडाचे तुकडे पुन्हा पुन्हा दुमडून केलेले लहान त्रिकोण लावतात. त्याला ‘फुला’ म्हणतात. फुल्याशिवाय कवंदी पुरी झाली असे मानत नाहीत. हेन्री ड्र्यूअल ह्या आफ्रिकी कलेच्या अभ्यासकाने ह्या कवंद्यांवर लक्षपूर्वक लिहिले आहे. त्या फुल्याने पांघरणाऱ्याला कणभरही ऊब मिळत नाही. तो केवळ रचनेच्या गरजेपोटी तेथे आहे.

रचनेची ही जाणीव आपल्याकडे फार जुनी आहे. विनयपिटकाच्या महावग्गात अशी कथा येते, की मगधातील बांधांनी आखलेली भातशेते दाखवून बुद्धाने आनंदाला भिक्षूंचे चीवर तसे करता येईल का, असे विचारले, आणि आनंदाने तुकडे जोडून ते तसे करून दाखवले. वैराग्याचे वस्त्र चिंध्यांचे असावे हे एक. पण त्या चिंध्या शेताच्या आखणीसारख्या नेमक्या असाव्यात हे दुसरे. आपल्या परंपरेत पहिली गोष्ट लक्षात राहिली. अंगावर चिंध्या पांघरणाऱ्या गाडगेबाबांना लोकांनी गोधडे महाराज म्हटले, त्यात साधेपणाचा आणि त्यागाचा गौरव आहे आणि तो योग्यच आहे. दुसरी गोष्ट, आखणीची, मात्र आपण विसरलो.

लहान तुकड्याचे गणित

गोधडीचा विषय निघाला की काटकसरीचे कौतुक होते. गीतेतला जीर्ण वस्त्रांचा दृष्टांत आपण सारे जाणतो, पण टाकून दिलेल्या वस्त्रांचे पुढे काय होते हे त्यात सांगितलेले नाही. आपल्या घरांत ती टाकली जात नव्हती, ती वाकळीत जात होती. थरांच्या बाबतीत हे काटकसरीचे स्पष्टीकरण बरोबर आहे. तुकडे जितके लहान होत जातात, तितके मात्र ते लंगडे पडते. आयुष्य आकडेमोडीत गेल्यामुळे हे गणित मांडण्याचा मोह आवरत नाही.

सहा फूट लांब आणि चार फूट रुंद, म्हणजे ७२ इंच गुणिले ४८ इंच असा गोधडीचा वरचा थर घेऊ. तो दोन इंची चौकोन जोडून केला तर ८६४ तुकडे लागतात. शिवणीसाठी चारी बाजूंनी पाव इंच सोडायचा, म्हणून प्रत्येक तुकडा अडीच इंचाचा कापावा लागतो. एकंदर कापड लागते ५४०० चौरस इंच आणि दिसते ३४५६ चौरस इंच. ३६ टक्के कापड शिवणीत गडप होते. आता एक इंची चौकोन घेऊ. तुकडे होतात ३४५६, प्रत्येक दीड इंचाचा कापायचा. कापड लागते ७७७६ चौरस इंच. म्हणजे निम्म्याहून अधिक कापड डोळ्यांना दिसतच नाही. शिवणीची एकूण लांबी ५६६ फूट भरते, आणि इंचाला आठ टाके धरले तर केवळ जोडणीलाच चोपन्न हजारांहून अधिक टाके पडतात.

हा हिशेब काटकसरीचा नव्हे. घरात खरोखरच बोटभर चिंध्यांखेरीज काही नसेल तर गोष्ट वेगळी. पण हाती मोठा तुकडा असताना तो कापून लहान करणारी बाई कापड वाचवीत नसते. तिला त्या लहान तुकड्यांतून काहीतरी दिसायला हवे असते : रंगाची झाक, नागमोडी रेघ, फुलाची पाकळी. ते दिसावे म्हणून ती निम्मे कापड आणि स्वतःची कित्येक दुपारची झोप खर्च करते. ह्याला गरिबी म्हणणे जितके चूक, तितकेच केवळ माया म्हणणेही चूक. ही शैलीची निवड आहे.

इंग्लंडातल्या एका जुन्या रीतीत तर लहान तुकडा कागदावर बेततात. कागदाचा षट्कोन किंवा चौकोन कापायचा, कापडाची कड त्यावर दुमडून टाचायची, असे तुकडे कडेला कड लावून बारीक टाक्यांनी जोडायचे, आणि शेवटी कागद काढून घ्यायचा. कागद म्हणजे जुनी पत्रे, वह्यांची पाने, हिशेबाचे चिटोरे. जेथे कागद काढायचा राहून गेला, तेथे पुढच्या अभ्यासकांना त्या मजकुरावरून काळ ठरवायला मदत होते. अशा रीतीचे १७१८ हे साल टाक्यांत नोंदवलेले एक रेशमी पांघरूण तेथील क्विल्ट करणाऱ्यांच्या संघाने जतन केले आहे. लिहिलेला कागद साचा होऊन कापडाच्या पोटात राहतो, ही गोष्ट साहित्याच्या वाचकाला सुचक वाटावी अशी आहे.

टाका वाचणाऱ्या दोघी

साहित्यात गोधडी पुष्कळ ठिकाणी येते. ती वाचणारे पात्र मात्र क्वचित येते. सूझन ग्लास्पेल ह्या अमेरिकन लेखिकेची ‘ट्रायफल्स’ ही १९१६ मधील एकांकिका आणि तिच्यावरून तिनेच १९१७ मध्ये लिहिलेली ‘अ ज्यूरी ऑफ हर पीअर्स’ ही कथा ह्या दृष्टीने असामान्य आहे. १९०० साली आयोवा राज्यात एका शेतकऱ्याचा झालेला खून आणि पत्नीवर चाललेला खटला ह्यांची वार्तापत्रे ग्लास्पेलने वृत्तपत्रासाठी लिहिली होती; तेथून हे बीज आले.

एकांकिकेत गळा आवळून मारलेल्या नवऱ्याच्या घरी शेरीफ आणि सरकारी वकील पुरावा शोधायला आले आहेत. ते माडीवर आणि गोठ्यात शोधत फिरतात. त्यांच्यासोबत आलेल्या दोन बायका स्वयंपाकघरात थांबतात. कैदेत असलेल्या गृहिणीच्या टोपलीत त्यांना लॉग केबिन नमुन्याचे तुकडे सापडतात. मध्ये लहान चौकोन आणि त्याभोवती फेर धरून लावलेल्या पट्ट्या, असा तो नमुना. ही गोधडी ती टाके घालून पुरी करणार होती की गाठी मारून, असे बायका एकमेकींना विचारतात. पुरुषांना हसू येते. पण त्याच तुकड्यांत एक तुकडा असा निघतो, की त्यावरचे टाके वेडेवाकडे गेले आहेत. आधीचे सारे काम नेटके, आणि हा एकच बिघडलेला. त्या क्षणी दोघींना कळते, की ह्या बाईच्या मनात काहीतरी मोडले ते हा तुकडा हाती असताना. पुढे मान मुरगळलेला पाळीव पक्षी सापडतो आणि उरलेली कथा उघड होते. ज्या हेतूचा पुरावा वकिलाला हवा आहे तो त्याच्यासमोर टोपलीत पडून आहे, पण त्याला ती लिपी येत नाही.

सामान्यतः ह्या एकांकिकेची चर्चा स्त्रियांची एकजूट ह्या अंगाने होते. शिवणाच्या अंगाने पाहिले तर आणखी एक गोष्ट पुढे येते. त्या दोघींपैकी एक बाई ते वाकडे टाके उसवते आणि पुन्हा नीट घालते. पुरावा नष्ट होतो, हे तर झालेच. पण टाका सर्वांत चांगला वाचता येणारी व्यक्तीच तो मजकूर पुसून टाकते. वाचता आले म्हणूनच पुसावेसे वाटले. एकांकिकेचा शेवट ‘गाठ मारणे’ ह्या तांत्रिक शब्दावर होतो. मराठी अनुवादकाला येथे एक योगायोगाचे दान मिळते, कारण आपल्या भाषेत गाठ दोराच्या फासाचीही असते, लग्नाचीही असते आणि मनाशी बांधलेली खूणगाठही असते. मात्र धावदोरा आणि गाठ ह्या गोधडी पक्की करण्याच्या दोन निराळ्या रीती आहेत, हे ज्याला ठाऊक नाही, त्याला तो शेवट केवळ चमत्कृती वाटेल.

भिंत की अंथरूण

ग्लास्पेलचा प्रश्न वाचण्याचा होता; ॲलिस वॉकर हिच्या ‘एव्हरीडे यूज’ ह्या १९७३ मधील कथेचा प्रश्न मालकीचा आहे. खेड्यात राहणारी कृष्णवर्णीय आई, तिच्याजवळ राहणारी बुजरी मॅगी आणि शिकून शहरात गेलेली डी. डी आता आफ्रिकी नाव घेऊन घरी आली आहे आणि तिला आजीच्या हातच्या दोन गोधड्या हव्या आहेत. त्यांत आजीच्या पोशाखांचे तुकडे आहेत, आजोबांच्या सदऱ्यांचे आहेत आणि यादवी युद्धात लढलेल्या पणजोबांच्या गणवेशाची एक बारीक चिंधी आहे. त्या गोधड्या मॅगीच्या लग्नासाठी ठेवलेल्या. डीला त्या भिंतीवर टांगायच्या आहेत. मॅगी त्या रोज वापरून फाडून टाकील, असा तिचा आक्षेप. आई त्या मॅगीला देते.

बहुतेक वाचक डीला दोष देऊन मोकळे होतात. ते मला पुरेसे वाटत नाही. गोधडी ही पाहण्याजोगी वस्तू आहे हे त्या घरात फक्त डीलाच सुचले आहे, आणि हाताने घातलेल्या टाक्यांचे तिला वाटणारे अप्रूप खोटे नाही. तिची खरी उणीव अशी, की ती वस्तू ओळखते, कृती ओळखत नाही. मॅगीला गोधडी शिवता येते. जुनी फाटली तर ती नवी करू शकते, हे आईचे उत्तर भावनेचे नसून व्यवहाराचे आहे. परंपरा कापडात असेल तर ती टांगून जपली पाहिजे. परंपरा हातात असेल तर ती वापरून जपली पाहिजे. कथेचा कौल दुसऱ्या बाजूला आहे. तरीही एक शंका उरते. मॅगीच्या मागे शिवणारे कोणी उरले नाही तर? तेव्हा डीची भिंतच शेवटचा आसरा ठरते.

ही शंका काल्पनिक नाही, हे कथेबाहेरच्या घटनांनी दाखवले. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात अमेरिकन गोधड्या अमूर्त चित्रांसारख्या भिंतींवर टांगल्या गेल्या. लोकांनी त्या डोळे भरून पाहिल्या, पण शिवणाऱ्यांची नावे बहुतांशी अज्ञातच राहिली. पुढे अलाबामा राज्यातील जीझ बेंड ह्या नदीच्या वळणावरील वस्तीतल्या स्त्रियांच्या गोधड्या २००२ मध्ये ह्यूस्टन आणि न्यूयॉर्क येथे प्रदर्शित झाल्या, आणि २००६ मध्ये टपाल तिकिटांवरही आल्या. ह्या वेळी शिवणारणींची नावे सांगितली गेली. तरी २००७ मध्ये त्यांच्यापैकी काहींनी मोबदल्यावरून आणि नक्षीच्या हक्कांवरून न्यायालयात दावे लावले. २००८ मध्ये ते प्रकरण मिटले. भिंतीवर जाण्याची किंमत कोणी मोजायची, हा प्रश्न मात्र तेवढ्याने मिटत नाही.

ह्याहून जुने एक उदाहरण मला अधिक महत्त्वाचे वाटते. जॉर्जिया राज्यातील हॅरिएट पॉवर्स ही १८३७ मध्ये गुलामगिरीत जन्मलेली स्त्री. तिने बायबलमधील प्रसंगांची अकरा चौकटींची गोधडी शिवली आणि ती १८८६ मध्ये एका मेळ्यात मांडली. जेनी स्मिथ नावाच्या चित्रकला-शिक्षिकेने ती विकत मागितली, तेव्हा पॉवर्सने नकार दिला. काही वर्षांनी हलाखीमुळे तिनेच ती पाच डॉलरला विकली. व्यवहार काही अभिमानाचा नव्हता. पण स्मिथने एक काम असे केले, की ज्यामुळे ती गोधडी आज आपल्याला वाचता येते : प्रत्येक चौकटीत काय आहे हे तिने पॉवर्सला विचारले आणि तिचे सांगणे लिहून ठेवले. ते टिपण नसते तर जाणकारांनी त्या आकृत्यांवर हवे ते अर्थ लादले असते. समीक्षेचे पहिले काम निर्णय देणे हे नसून विचारून लिहून ठेवणे हे आहे, ह्याचा इतका चोख दाखला मला दुसरा ठाऊक नाही.

बंगालने केलेले काम

आपल्या देशात हे काम बंगालने केले. तेथील काँथा ही जुन्या साड्यांच्या थरांवर घातलेली टाक्यांची चित्रे असते. तिला लागणारा रंगीत दोरा परंपरेने साडीच्या काठातूनच ओढून काढीत. तुकड्यांच्या जोडणीपेक्षा ती वेगळी खरी, पण कुळ एकच; आपल्या ‘कंथा’ ह्या शब्दाशी तिचे नातेही उघड आहे. कवी जसीमुद्दीन ह्यांनी १९२९ मध्ये ‘नक्शी काँथार माठ’ हे कथाकाव्य लिहिले. जमिनीच्या मारामारीनंतर रूपाई परागंदा होतो. मागे राहिलेली साजू दोघांची सारी हकीकत काँथ्यावर शिवत जाते आणि मरताना ती काँथा आपल्या कबरीवर पसरण्यास सांगते. पुढे एका सकाळी तीच काँथा अंगावर घेतलेला एक परका माणूस त्या कबरीवर मृतावस्थेत आढळतो. येथे काँथा उबेसाठी नाही, तो एक लांब निरोप आहे. आणि तो वाचू शकणारा जगात एकच माणूस आहे. ग्लास्पेलच्या दोघींशी हे नाते लगेच जाणवते.

ह्याच काळात गुरुसदय दत्त हे आयसीएस अधिकारी जिल्ह्याजिल्ह्यांतील बदल्यांचा लाभ घेऊन काँथा जमवीत होते. कोलकात्याजवळ जोका येथील त्यांच्या नावाच्या संग्रहालयात तो संग्रह ठेवला गेला. सरकारी फिरतीचा असाही उपयोग होऊ शकतो, हे आमच्यासारख्या पेन्शनरांनी नम्रपणे नोंदवावे. त्या संग्रहातली मानदासुंदरी दासीची काँथा प्रसिद्ध आहे. तिने ती वडिलांसाठी केली आणि आपले नाव टाक्यांनी तीवर लिहिले. कर्त्रीचे नाव वस्तूवरच असल्यामुळे ती निनावी ‘लोककला’ झाली नाही.

मराठीत वस्त्राची प्रतिमा काही कमी नाही. बेळगावच्या इंदिरा संतांनी १९५१ मध्ये आपल्या संग्रहाला ‘शेला’ म्हटले आणि १९८२ मध्ये ‘गर्भरेशीम’. दोन्ही नावांत कापडाची जात ओळखणारी नजर आहे. रेशमाला मिळालेली ही जाणकारी सुती चिंध्यांच्या वाट्याला मात्र फारशी आली नाही. गोधडीवरच्या आपल्या कविता ऊब सांगतात, मायलेकरांचे नाते सांगतात. त्यांतल्या चांगल्या कवितांत चिंध्या कुणाच्या हेही येते. पण हा टाका तिने येथे का वळवला, असे विचारणारी नजर दुर्मिळ आहे. ही उणीव कवींपेक्षा समीक्षकांची अधिक. आपण ठिगळ हा शब्द निंदेसाठी राखून ठेवला आणि स्वतःच आपली नजर आंधळी करून घेतली.

आपली ठिगळे

मराठी मुलखाबाहेर वसलेल्या आपल्या घरांशी ह्या चर्चेचा संबंध दुहेरी आहे. पहिला भाषेचा. बेळगावात कानडीचे, इंदूर-ग्वाल्हेरला हिंदीचे, बडोद्यास गुजरातीचे, हैदराबादेत तेलुगू-उर्दूचे शब्द आपल्या बोलण्यात असतात, आणि पुण्या-मुंबईचा पाहुणा ते ऐकून मिस्कील हसतो. ठिगळांची मराठी, असा त्या हसण्याचा अर्थ. त्याला उत्तर म्हणून आपण कधी खजील होतो, कधी उगाच मिरवतो. शिवणारीचे निकष येथेही लावून पाहावेत. खुद्द शिवणकामाचे शब्द घ्या. काज, फीत आणि इस्त्री पोर्तुगीजांकडून आली, अस्तर आणि जरी फारसीतून, कैची तुर्कीतून. सुई आणि दोरा तेवढे आपले. त्यांतले एकही ठिगळ आज नजरेत भरत नाही, कारण प्रत्येक शब्द मराठी धाग्याच्या दिशेने बसवलेला आहे. तो आपली विभक्ती घेतो : काजाला, फितीने, कैचीत. जो परका शब्द विभक्ती घेतो तो उभ्या धाग्यात बसला. जो आपल्यासोबत परकी वाक्यरचनाच ओढून आणतो तो तिरपा कापलेला तुकडा; त्याने भाषेला झोळ येणारच. तेव्हा आपल्या मराठीत ठिगळे आहेत की नाहीत, हा प्रश्नच फोल आहे. ती कशी बसवली आहेत हे पाहावे, आणि वाईट बसली असतील तर उसवावीत.

दुसरा संबंध अधिक निकडीचा आहे. जुन्या घरांतल्या ट्रंकांत आणि माळ्यांवर अजून वाकळी आहेत. जयपुरी रजया आणि यंत्राने शिवलेल्या दुलया आल्यावर त्या वापरातून गेल्या. काही घरांत त्या फरशी पुसायला गेल्या. कुड्या आणि पैठण्यांची वाटणी होताना भाऊबंदांत बोलाचाली होतात, वाकळीवर कोणी हक्क सांगत नाही. ज्या वहिनी, मावशी, अक्का त्या गोधड्या वाचू शकतात, त्यांचे वय आता ऐंशीच्या पुढे आहे. मॅगीचा हात बहुतेक घरांत उरलेला नाही, आणि डीची भिंत आपण बांधलेली नाही.

संग्रहालय उभारणे मंडळाच्या आवाक्यातले नाही. जेनी स्मिथने केले तेवढे मात्र कोणालाही करता येईल. गोधडी अंगणात किंवा गच्चीवर उजेडात पसरावी. सुलट बाजूचे एक आणि उलट बाजूचे एक, अशी दोन छायाचित्रे घ्यावीत. मग घरातल्या वडीलधाऱ्या बाईंना विचारावे : हा तुकडा कुणाच्या अंगावरचा, ते कापड कोणत्या गावच्या मागाचे, शिवायला कोण कोण बसले होते, आणि रंगांचा हा क्रम कोणी ठरवला. शेवटचा प्रश्न मुद्दाम विचारावा, कारण त्याला उत्तर मिळेपर्यंत गोधडी ही केवळ आठवण राहते. सांगतील ते त्यांच्याच शब्दांत, वाकळ असेल तर वाकळ आणि कौदी असेल तर कौदी, असे लिहून घ्यावे.

आपल्या ह्या त्रैमासिकाच्या एखाद्या अंकात अशा दहा गोधड्यांची टिपणे आली तरी पुष्कळ झाले. त्यांत नुसते कौतुक नको. एखाद्या वाकळीचे टाके लांब पडले असतील, मध्यावर चुणी आली असेल, नव्या कापडाने जुने फाडले असेल, तर तेही लिहावे. शिवणारी स्वतः ते लिहिले म्हणून रागावणार नाही. दुसरीची गोधडी हाती घेताना तिनेही आधी ती उलटूनच पाहिली होती.